निवडुंग आणि मेस्कलिन

रिहे काय किंवा मुळशीतलं दुसरं गाव काय, कुंपणाला दिसणारा तीनधारी निवडुंग हा कॅक्टस नव्हेच. तो एरंडाच्या कुळातला. कोरड्या दिवसांत पाणी साठवायची गरज दोघांचीही, म्हणून रूपं जुळली. कॅक्टसचे काटे लवदार गादीतून उगवतात. निवडुंगाला खरचटलं की पांढरा चीक गळतो. हा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीलाच धोका!

भास घडवणारं मेस्कलिन हे रसायन असतं ते मात्र पेयोटीसारख्या मोजक्या, खऱ्या अमेरिकी कॅक्टसांत. आर्थर हेफ्टर यांनी १८९७ मध्ये ते ओळखलं. मेंदूतल्या सेरोटोनिन-ग्राहकांवर ते काम करतं आणि भास तासन्‌तास टिकतात. पेयोटी फार सावकाश वाढतो. ओरबाडल्यामुळे तो विरळ होतोय, ही मोठी हानी आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार मेस्कलिन बनवणं आणि बाळगणं गुन्हा आहे.