जोडीदाराची नोकरी आणि चार अंशांचा फरक

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला होणार हे जाहीर झालं आणि लग्नाळू मुलामुलींच्या घरांत घाई सुरू झाली. गुरू सिंह राशीत असताना कार्य करू नये, असं मानणारी कुटुंबं आजही पुष्कळ आहेत. त्यामुळे स्थळं बघणं, टिपणं पाठवणं, गुरुजींकडे जाणं, सगळ्यालाच वेग आला आहे. मंगळ आहे का, एकनाडी येते का, हे आता मोबाइलसुद्धा सांगतो. गुरुजींना विचारायचा प्रश्न वेगळाच असतो. मुलीच्या नशिबात काय करणारा नवरा आहे? जावई सरकारी नोकरीतला मिळेल का? सून लग्नानंतर नोकरी टिकवेल का?

छत्तीस गुणांत याचं उत्तर नाही. नाडीला आठ गुण, भकूटाला सात, गणाला सहा. कामाधंद्याशी लांबचं का होईना, नातं सांगावं असा एक वर्णकूट तेवढा आहे आणि त्याला छत्तीसपैकी एकच गुण. म्हणून ज्योतिषी गुणमेलन बाजूला ठेवून पत्रिकेतली स्थानं मोजतात. सप्तम स्थान जोडीदाराचं. कर्माचं स्थान दशम. तेव्हा सप्तमापासून दहावं मोजायचं, की जोडीदाराचं कर्मस्थान मिळालं. हे दहावं घर म्हणजे आपल्या लग्नापासूनचं चौथं. आई, घर, वाहन आणि सुख हे सगळं ज्या घरातून पाहतात, त्याच घरातून नवऱ्याची किंवा बायकोची नोकरीही पाहायची.

ही मोजणी ऐकायला नेटकी वाटते. पण जुन्या ग्रंथात जोडीदाराच्या करिअरचा विचार खरोखर कसा केलाय, हे पाहिलं तर आजचा प्रश्न त्या ग्रंथांच्या गावीही नव्हता, हे लक्षात येतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त उपजीविकेवर स्वतंत्र अध्याय आहे, कर्माजीव नावाचा. दशमेश, म्हणजे दशम स्थानाचा स्वामी, ज्या नवमांशात (राशीच्या नवव्या भागात) असेल, त्या नवमांशाच्या स्वामीवरून धंदा सांगायचा, असा त्याचा नियम. रवी असेल तर सोनं, लोकर, औषधं. चंद्र असेल तर शेती आणि पाण्यातून निघणाऱ्या वस्तू. मंगळाला धातू, अग्नी आणि शस्त्रं. बुधाला लेखन आणि गणित. हे सगळं ज्याची पत्रिका त्याच्याबद्दल आहे, आणि 'ज्याची' म्हणजे पुरुषाची.

बाईसाठी त्याच ग्रंथात स्त्रीजातक हा वेगळा अध्याय आहे. तिथे सप्तम स्थानावरून नवरा सांगितलाय: चरराशी असेल तर कायम प्रवासात असणारा, बुधाचा अंश असेल तर विद्वान. मंगळ सप्तमात असेल तर बालपणीच वैधव्य, असंही बेधडक लिहिलंय. पण त्या अध्यायाची सुरुवातच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पुरुषांच्या पत्रिकेची जी फळं बाईला लागू पडण्यासारखी असतील ती तिला सांगावीत, बाकीची तिच्या नवऱ्याच्या नावे घालावीत, असा तिथला दंडक आहे. म्हणजे बाईच्या पत्रिकेतलं राज्य, अधिकार, कर्तृत्व हे सगळं त्या काळच्या समजुतीप्रमाणे नवऱ्याच्या खात्यात.

आज पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळणाऱ्या मुलीची पत्रिका घ्या. तिच्या दशमात बलवान रवी आहे. जुन्या दंडकाने हा अधिकारी नवरा. आजच्या वाचनाने हा तिचा स्वतःचा हुद्दा, आणि नवऱ्याची नोकरी चौथ्या घरातून काढायची. दोन नियम, दोन वेगवेगळी घरं, दोन वेगळे नवरे. या दोहोंत निवड करणारी गोष्ट आकाशात कुठेही नाही. मुली कमवायला लागल्या म्हणून वाचन बदललं. समाज बदलला याचा मला मनापासून आनंद आहे. पण मग उत्तर समाजातून येतंय हे मोकळेपणाने मान्य करायला हवं, ते ग्रहांच्या नावावर खपवू नये.

धंद्यांच्या यादीचंही तसंच. वराहमिहिराच्या नियमात नवमांशाचे स्वामी सातच ग्रह. राहू-केतूंकडे नोकऱ्यांचं खातं नाही. आज राहू म्हटलं की परदेश आणि आयटी. आपल्याकडचे कित्येक ज्योतिषी १७८१ मध्ये सापडलेला हर्षल आणि १८४६ मध्ये सापडलेला नेपच्यूनही पत्रिकेत मांडतात आणि हर्षलाकडे वीज, इलेक्ट्रॉनिक्स, संशोधन सोपवतात. चंद्राच्या वाट्याची शेती मात्र मागे सारली जाते आणि नर्सिंग, हॉटेल, दूधधंदा पुढे येतो. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात नवरदेवाच्या पोशाखात घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, अशा काळात जावई शेती करणारा असेल हे भाकीत कोणाला ऐकायचं असतं?

आता मुद्दा पंचांगाचा, आणि तो खास आपला, मराठी माणसाचा. आपल्याकडे दाते पंचांगासारखी बहुतेक पंचांगं चित्रापक्षाची. टिळक पंचांग रैवतपक्षाचं. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा, यावर केरूनाना छत्रे, लोकमान्य टिळक, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर अशा विद्वानांनी घातलेला वाद महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासातलं एक तेजस्वी पान आहे. त्या गणिताबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण या दोन पक्षांत ग्रहांच्या स्थानांचा सुमारे चार अंशांचा फरक राहतो, आणि एक नवमांश असतो तीन अंश वीस कलांचा. फरक नवमांशाहून मोठा. म्हणजे एकाच मुलीची पत्रिका दोन पंचांगांवरून मांडली, तर एकूण एक ग्रहाचा नवमांश बदलणारच. सुटका कोणाचीच नाही.

उदाहरण करून पाहू. कुंभ लग्न, तेही राशीच्या मध्यावर, म्हणजे चार अंशांनी ते बदलायचं नाही. सप्तम सिंह. तिथून दहावी वृषभ, म्हणून जोडीदाराच्या कर्माचा स्वामी शुक्र. चित्रापक्षाने हा शुक्र मेषेच्या अकरा अंशांवर आहे असं धरा. मेषेचा चौथा नवमांश, कर्केचा, स्वामी चंद्र. नवरा शेतीत, आजच्या भाषेत हॉटेल किंवा डेअरीत. तोच शुक्र रैवतपक्षाने पंधरा अंशांवर. पाचवा नवमांश, सिंहेचा, स्वामी रवी. नवरा डॉक्टर किंवा सरकारी अधिकारी. मुलगी तीच, जन्मवेळ तीच, आकाशातला शुक्रही तोच.

जैमिनी पद्धतीत सर्वांत कमी अंशांचा ग्रह दारकारक, म्हणजे जोडीदाराचा कारक. राशीच्या अठ्ठाविसाव्या अंशावरचा ग्रह चार अंश पुढे सरकला की पुढच्या राशीच्या दुसऱ्या अंशावर येतो आणि एका उडीत दारकारक होऊ शकतो. कृष्णमूर्ती पद्धतीवाले राशिचक्राचे २४९ भाग करतात. तिथे तर कलाकलांचा हिशेब. त्यात जन्मवेळेची भर. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, पण लग्नाचा नवमांश सुमारे तेरा मिनिटांत. प्रसूतिगृहात बाळ-बाळंतिणीकडे धावणारी नर्स घड्याळाकडे नंतर बघते, आणि तसंच असायला हवं.

पत्रिकेची चाचणी घ्या असं म्हटलं की ज्योतिषी म्हणतात, आमची परीक्षा कोणी नीट घेतलीच नाही. घेतली आहे, आणि पुण्यातच. २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांच्यासह दोनशे पत्रिकांची चाचणी आखली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगली कामगिरी चाळीसपैकी चोवीस, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याहून कमी. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, १०२ बरोबर आल्या. नाणं उडवूनही एवढंच मिळालं असतं. नारळीकरांनी यात कोणाची टिंगल केली नाही. नियम आधी जाहीर केले, निकाल नंतर छापला. मला तर ही चाचणी महाराष्ट्रात विज्ञानाने केलेल्या सर्वांत सभ्य कामांपैकी एक वाटते.

बुद्धी हा विषय वेगळा, विवाह वेगळा, असा आक्षेप येईल. ठीक आहे. जोडीदाराच्या व्यवसायाची चाचणी त्याहून सोपी आहे, कारण इथे उत्तर कोणाच्या मतावर नाही, पगाराच्या पावतीवर आहे. लग्नाला दहा वर्षं झालेल्या दोनशे बायकांच्या पत्रिका घ्या. शंभर जणींचे नवरे सरकारी नोकरीत, शंभर जणींचे स्वतःच्या धंद्यात. नावं झाका आणि ज्योतिषांना दोन गठ्ठे करायला सांगा. पुढच्या वर्षी नवऱ्यांच्या पत्रिका घेऊन बायकांच्या नोकऱ्यांचंही तसंच करता येईल, म्हणजे सून नोकरी टिकवेल का, या प्रश्नालाही हात लागेल.

तोवर ज्या घरात या प्रश्नावर स्थळ अडलंय, तिथे विचारायचं माणूस समोरच बसलेलं असतं. मुलीने नोकरी करावी की नाही, हे गुरुजींना विचारणारी सासू ते मुलीला विचारत नाही, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. बदली झाली तर कोण कोणाबरोबर जाणार, मूल झाल्यावर सुट्टी कोण घेणार, घराचा हप्ता कोणाच्या पगारातून जाणार, यावर सून नोकरी टिकवते की नाही ते ठरतं, आणि हे सगळं एका दुपारच्या बोलण्यात कळतं.

चाचणीत भाग घ्यायला कोणी ज्योतिर्विद तयार असतील, तर सिंहस्थाचा काळ हाताशी आहे. अट एकच ठेवावी लागेल: पत्रिका कोणत्या पंचांगावरून मांडली आणि नवरा चौथ्या घरातून पाहिला की दहाव्या, हे गठ्ठे करण्याआधी लिहून द्यायचं.