‘लग्नानंतर थांबेल’ म्हणून लांबणारे निदान

पाळी सुरू झाल्यानंतर साधारण वर्षभरात, अंडाशयातून दरमहा अंडे बाहेर पडण्याचे चक्र स्थिरावू लागले की अनेक मुलींच्या ओटीपोटात कळा येऊ लागतात आणि त्यामागे बहुतेक वेळा कोणताही आजार नसतो. गर्भाशयाचे अस्तर सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मोकळी होतात, त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आकुंचन पावतो, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि दुखू लागते. रक्तस्रावाबरोबर उठून एक ते तीन दिवसांत ओसरणाऱ्या या वेदनेला प्राथमिक म्हणतात, तर एखाद्या रचनादोषातून किंवा आजारातून उद्भवणारी वेदना दुय्यम मानली जाते. किशोरवयातील दुय्यम वेदनेचे सर्वांत मोठे कारण एंडोमेट्रिओसिस हे आहे. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे पोटाच्या आतील आवरणावर, अंडाशयावर किंवा गर्भाशय व गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत रुजते, तिच्याभोवती दाह होतो आणि कालांतराने अवयव एकमेकांना चिकटूही शकतात. पाळीचे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात उतरते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात, अशी उपपत्ती जॉन सॅम्पसन या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९२७ साली मांडली. परंतु असे रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात उतरत असल्यामुळे रोगप्रतिकारशक्ती आणि आनुवंशिकता यांचाही विचार करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत त्रास सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत चार ते अकरा वर्षे गेल्याचे दिसते, आणि ज्यांचा त्रास किशोरवयात सुरू होतो त्यांचा काळ अधिक लांबतो. या विलंबाचे खापर केवळ आजाराच्या गुंतागुंतीवर फोडता येणार नाही. मराठी घरांत ‘लग्न झाले की थांबेल’, ‘एक मूल झाले की बरे वाटेल’ हे आश्वासन आजही दिले जाते आणि दुखणे अंगावर काढणे हा मुलीचा समजूतदारपणा ठरतो. ‘मलाही असेच दुखायचे’ हे आईचे वाक्य तर धीर देण्यासाठी उच्चारले जाते. प्रत्यक्षात आईला किंवा बहिणीला हा आजार असल्यास मुलीला तो होण्याची शक्यता काही पटींनी वाढते, त्यामुळे त्या वाक्याकडे दिलासा म्हणून नव्हे, तर रोगेतिहासातील एक नोंद म्हणून पाहणे अधिक योग्य.

प्रौढ स्त्रीतील चित्र डोळ्यांसमोर ठेवून मुलीची तपासणी केल्यास फसगत होते. किशोरवयीन मुलींमध्ये वेदना पाळीपुरती न राहता महिन्याच्या मधल्या दिवसांतही जाणवते, तिच्या जोडीला मळमळ, शौचाच्या वेळी दुखणे, वारंवार लघवीला लागणे अशा तक्रारी असतात, आणि म्हणून पोटाच्या किंवा लघवीच्या विकारावर उपचार करण्यातच महिने जातात. पोटाच्या आवरणावरील चट्टेही या वयात बहुधा पारदर्शक किंवा लालसर असतात, प्रौढांत दिसणाऱ्या निळसर-काळ्या ठिपक्यांसारखे नसतात, त्यामुळे सवय नसलेल्या शल्यविशारदाच्या नजरेतून ते पोटात दुर्बीण घालून पाहतानाही निसटू शकतात. असे वरवरचे चट्टे सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ हा अहवाल म्हणजे आजार नसल्याचा दाखला, ही समजूत बहुधा इतर कोणत्याही गैरसमजापेक्षा अधिक नुकसान करते. तरीही ही तपासणी निरुपयोगी नाही, कारण अंडाशयातील गाठी आणि जन्मजात रचनादोष तिच्यात दिसतात. अगदी पहिल्या पाळीपासून तीव्र दुखत असेल, किंवा पाळी न येताच दरमहा पोट दुखत असेल, तर रक्ताच्या वाटेत अडथळा असण्याची शंका घ्यावी लागते, आणि अशा काही मुलींमध्ये एका बाजूचे मूत्रपिंडही नसते. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरूनच करतात आणि आतून तपासणीचा आग्रह धरला जात नाही, हे पालकांना आधीच सांगितल्यास रुग्णालयात जाण्याची निम्मी भीती दूर होते. अशा वेदनेमागच्या कारणांत भारतात जननमार्गाच्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनाचा गाभा असा, की वेदनाशामके आणि संप्रेरकांच्या गोळ्या यांनी तीन ते सहा महिन्यांत आराम पडला नाही तर दुय्यम कारणाचा शोध घ्यावा. अशा उपचारांना न जुमानणाऱ्या वेदनेसाठी दुर्बिणीने तपासलेल्या किमान दोन-तृतीयांश मुलींमध्ये एंडोमेट्रिओसिस आढळतो. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर दुर्बिणीच्या तपासणीला निदानाची अंतिम कसोटी मानणे सोडून दिले. लक्षणांवरून दाट संशय आल्यास पुराव्याची वाट न पाहता औषध सुरू करता येते, ही भूमिका आता रुळली असून ती मुलींच्या हिताची आहे, कारण प्रत्येकीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्याची गरज उरत नाही.

वेदनाशामक गोळी दुखणे असह्य झाल्यावर घेण्याची पद्धत चुकीची आहे. इबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन किंवा मेफेनामिक ॲसिड ही औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात, म्हणून ती स्राव सुरू होताच किंवा आदल्या दिवसापासून, खाण्याबरोबर आणि ठरावीक अंतराने घ्यावी लागतात. मेफेनामिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबाबत भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ च्या अखेरीस सावध केले होते, तेव्हा पुरळ किंवा ताप आल्यास गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते. संप्रेरकांच्या गोळ्यांना घरातून होणारा विरोध बराचसा त्यांच्या गर्भनिरोधक या नावामुळे होतो. या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही आणि त्या बंद केल्यावर चक्र पूर्ववत होते, मात्र डोळ्यांपुढे प्रकाशरेषा दिसून होणारी अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असल्यास इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळतात आणि केवळ प्रोजेस्टिनचा पर्याय निवडतात. किशोरवय हा हाडे भरण्याचा काळ असल्याने अधिक प्रखर उपचारांबाबत हात आखडता घ्यावा लागतो: डायनोजेस्ट हे प्रोजेस्टिन घेणाऱ्या मुलींच्या वर्षभराच्या अभ्यासात कण्याच्या हाडांची घनता किंचित घटल्याचे आढळले, आणि अंडाशयाचे कार्य तात्पुरते थांबवणारी इंजेक्शने लहान मुलींना सहसा देत नाहीत, द्यावी लागली तर हाडे जपण्यासाठी जोडीला थोडी संप्रेरके देतात.

या सर्वांनी भागले नाही तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून चट्टे काढतात किंवा जाळतात. मात्र नंतर संप्रेरके चालू ठेवली नाहीत तर आजार पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता मोठी असते. वर्षानुवर्षे दुखत राहिल्यास मेंदू व मज्जारज्जू वेदनेला अधिक संवेदनशील होतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडतात, आणि चट्टे काढूनही दुखणे उरते. म्हणून फिजिओथेरपी, व्यायाम, शेक आणि मानसिक आधार हे मूळ उपचाराचेच भाग समजले जातात. आजाराच्या प्रसारावरून ठरवलेल्या चार पायऱ्या आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसत नाही, तेव्हा पहिल्या पायरीवरील मुलगीही शाळेत जाऊ शकत नसेल तर ते ढोंग नव्हे.

महाराष्ट्रात राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील सल्ला केंद्रे ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने चालतात आणि उपचाराची पहिली पायरी, म्हणजे औषधे, तेथेच सुरू होऊ शकते, कारण तिला दुर्बीण लागत नाही. किती दिवस शाळा बुडाली, गोळीने किती तास आराम पडला आणि दुखणे पाळीच्या कोणत्या दिवशी सुरू झाले, याची दोन-तीन महिन्यांची नोंद मुलीने वहीत ठेवली तर पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही, हे त्या नोंदीवरून ठरवता येते.