दुसरा अर्ज

आमच्या डोंबिवलीत एखाद्या घरातली मुलगी ‘मला नाटक शिकायचंय’ असे म्हणाली, तर घरात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते. गेल्या जानेवारीत ती आमच्याच घरी पसरली. कन्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्या वडिलांनी चहाचा कप सावकाश बशीत ठेवला. ते बँकेत असल्यामुळे कोणतीही गोष्ट तारणावाचून मंजूर करीत नाहीत.

“शीक की! पण आधी हातात काहीतरी असू दे. डॉक्टर काशिनाथ घाणेकरांचंच बघ. ठाण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह उभं आहे. पण माणूस मुळात दंतवैद्य होता!”

“बाबा, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधल्या संभाजीला टाळ्या पडल्या, त्या दातांसाठी नव्हे,” कन्येने उत्तर दिले.

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. ठाण्याच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते, नाटकाच्या मुलांत माझी ऊठबस असते; तेव्हा निवाडा मी द्यायचा, हे ओघानेच आले. पण मी कचरले. त्याला कारण होते.

सहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कल्याणचा एक मुलगा होता. एकांकिका स्पर्धांत बक्षिसे मिळवलेला, आवाज असा की मागच्या रांगेतल्या माणसाने कान टवकारू नयेत. त्याला दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात जायचे होते. एके दिवशी त्याने विचारले, “मॅडम, दिल्लीबरोबर पुण्याचा आणि मुंबईचा अर्जही भरून ठेवू का?” मी म्हणाले, “दोन दगडांवर पाय ठेवू नये रे. मन एकाच जागी असावं.” हे वाक्य मला स्वतःला फार आवडले होते. त्याने एकच अर्ज भरला. पहिली फेरी पार केली, दिल्लीला अंतिम निवडीला गेला आणि परत आला. तोवर इतर ठिकाणचे प्रवेश आटोपले होते. वर्षभर तो घरी बसला. पुढच्या वर्षी घरच्यांनी ओळखीने भिवंडीच्या एका गोदामात हिशेब लिहायला लावून दिला. त्याने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच ते वाक्य अजून टोचते.

तेव्हा यंदा मी निवाडा दिला नाही. आम्ही तिघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की नाटकाच्या शाळेचा प्रवेश गुणपत्रिकेवर ठरत नाही. इंजिनिअरिंगला गेल्या वर्षीचे आकडे पाहून आपला मुलगा कुठे बसेल याचा अंदाज बांधता येतो. इथे चार परीक्षकांसमोर दहा मिनिटे उभे राहायचे असते. दिल्लीचे विद्यालय १९५९ साली सुरू झाले. जागा तीसच्या आसपास, आणि त्यांसाठी सगळ्या हिंदुस्थानातून मुले येतात. तिथे ‘नाही’ म्हटले म्हणजे तुमच्या अंगात नाटक नाही, असा अर्थ होत नाही. मनोज बाजपेयींसारख्या नटाला त्या विद्यालयाने एकदा नव्हे, अनेकदा परत पाठवले होते! पण त्यांनी दिल्लीतच बॅरी जॉन यांच्याकडे काम चालू ठेवले होते, हे आपण विसरतो.

अमेरिकेत राहणारी माझी मावसबहीण सांगते, की तिकडे नाटकाची पदवी घेऊ पाहणारी मुले आठ-दहा ठिकाणी अर्ज करतात आणि त्यांत एक ठिकाण हमखास प्रवेशाचे ठेवतात. मात्र जिथे अभिनयाची चाचणी आहे, ती जागा हमखास धरायचीच नाही, असा तिथल्या जाणत्यांचा दंडक आहे. मला हे एकदम पटले.

त्या हिशेबाने आम्ही तीन ओळी लिहिल्या. पहिली दिल्ली. दुसऱ्या ओळीत आपल्या महाराष्ट्रातली विद्यापीठे: पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ सालचे, तिथे बारावीनंतरही जाता येते, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी वामन केंद्रे यांनी २००३ साली कालिन्याला उभी केली, ती पदवीनंतरची. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्राचा जुना विभाग आहे. पण या ओळीतही चाचणी आणि मुलाखत आहेच. म्हणजे संधी बरी, खात्री नाही.

खात्रीची ती तिसरी ओळ. इथे बहुतेक घरे चुकतात. वडील लिहितात ‘बँकेची परीक्षा’, आई लिहिते ‘बी.एड.’, आणि मूल मनातल्या मनात ती ओळ खोडून टाकते. आम्ही या ओळीला एकच कसोटी लावली: फक्त हीच जागा मिळाली, तर तू हसत पिशवी भरशील का? ‘नाही’ असे उत्तर आले, तर ती सोय नव्हे, शिक्षा. कन्येने पुष्कळ विचार करून लिहिले, ‘एम.ए. मराठी, आणि संध्याकाळी तालीम’. ज्या महाविद्यालयात नाट्यमंडळ जागते आहे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना दरवर्षी एकांकिका उतरते, आणि संध्याकाळी सातनंतर वर्गाची किल्ली द्यायला शिपाई कुरकुरत नाही, ते आम्ही शोधून काढले. बारावीच्या मुलांना तर ही ओळ अधिकच मोलाची. दिल्लीला पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा पुरावाही लागतो. साध्या बी.ए.ची तीन-चार वर्षे अशा ठिकाणी गेली, तर ती वाया जात नाहीत. दिल्लीच्या वाटेवरच पडतात.

यजमानांनी चौथा रकाना आखला: तारखांचा. प्रत्येक संस्थेचा अर्ज, चाचणी आणि निकाल वेगवेगळ्या दिवशी. एकीचा निकाल लागण्याआधी दुसरीची फी भरावी लागते. तेव्हा प्रवेश सोडला तर फी किती परत मिळते, हे भरण्यापूर्वी विचारायचे. मागाहून विचारले तर फक्त खिडकी बंद झाल्याचा आवाज ऐकू येतो. शेवटी खर्च. कालिन्याला जायचे तर घरचे जेवण, कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढे बस. पुण्याला किंवा संभाजीनगरला खोलीचे भाडे आले. हे आकडे मुलीसमोर मांडले, याचे मला बरे वाटले. नाही तर आपण पैशाचे कारण पोटात ठेवतो आणि ‘तुला जमणार नाही’ असे सांगतो.

दिल्लीने पहिल्याच फेरीत नकार दिला. कन्या दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कालिन्याच्या चाचणीसाठी उतारा पाठ करीत बसली, कारण चाचणी समोर उभी होती. दुसऱ्या अर्जाचा खरा उपयोग हाच असावा: नकारानंतर रडायला दोन दिवस मिळतात, वर्ष नाही. आता ती सकाळच्या गर्दीत कुर्ल्याला जाते आणि रात्री पाय चेपीत बसते. पुढे काय होईल, ते तिचे तिला ठाऊक.

गणपतीच्या आधी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर तो कल्याणचा मुलगा भेटला. अंगाने भरला आहे, आवाज तोच. मुलीचे ऐकून त्याला आनंद झाला. निघता निघता तो थांबला आणि हलकेच म्हणाला, “मॅडम, दिल्लीला वयाची अट काय आहे हो?”

“तिशीची,” मी म्हणाले. तो सत्तावीस वर्षांचा आहे.

या वेळी मी त्याला सुभाषित ऐकवले नाही. त्याच रात्री आमचा तो कागद त्याला पाठवून दिला. तिसरी ओळ कोरी ठेवली आहे. ती त्याची त्यालाच भरायची आहे.