कार्ब्युरेटरचा स्क्रू किती पिळायचा?

माझं संशोधन बोल्टच्या सांध्यांमधल्या घर्षणावर आहे हे कळलं, की जुन्या गाड्या हौसेने दुरुस्त करणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: कार्ब्युरेटरचे स्क्रू नक्की किती घट्ट करायचे? उत्तर द्यायचं तर आधी स्क्रूच्या डोक्याकडे बघावं लागतं.

ज्याला आपण सरसकट ‘स्टार’ म्हणतो, त्या फुलीच्या खाचेचे बरेच प्रकार आहेत. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर लावला की स्क्रूड्रायव्हर वर ढकलला जातो. पॉझिड्राइव्हच्या डोक्यावर मुख्य फुलीच्या मध्ये तिरक्या चार बारीक रेघा दिसतात. तिसरा प्रकार जपानी, जेआयएस. डॅटसन २४०झेडचे हिताची कार्ब्युरेटर किंवा कुठलाही जुना मिकुनी उघडायला घ्या, हेच स्क्रू भेटतील. काहींच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं, सगळ्यांच्या नसतं. यात फिलिप्सचं टोक तळापर्यंत बसत नाही, वरच्या वर फिरतं आणि खाच खाऊन टाकतं. मग लोक म्हणतात, ‘जपानी स्क्रू मऊ असतात.’ स्क्रू बिचारा ठीकच असतो हो!

आता घट्टपणा. आपण लावलेल्या पिळापैकी ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि भाग एकमेकांवर दाबायला उरतो जेमतेम १० टक्के. म्हणजे हाताला जाणवतं ते मुख्यतः घर्षण. ५ मिलिमीटरचा कोरडा स्क्रू ३ न्यूटन-मीटरने पिळला, तर साधारण ३००० न्यूटन दाब मिळतो, म्हणजे ३०० किलो वजनाएवढा. त्याच आट्यांना तेल लागलं असेल तर तेवढ्याच पिळात दाब ४००० च्या आसपास जातो. हाताला काहीच फरक कळत नाही, पण कार्ब्युरेटरचं अंग ॲल्युमिनियमचं किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, त्यातले आटे सोलून निघतात. आटे टिकले तरी कडा वाकते, फटीतून जास्तीची हवा आत शिरते आणि इंजिन आयडलला अडखळायला लागतं. त्यावर उपाय म्हणून स्क्रू आणखी पिळला जातो! म्हणून स्क्रू समोरासमोरचे घ्यायचे, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे.

थ्रॉटलच्या चकतीचे स्क्रू मात्र सैल पडून अजिबात चालत नाही. त्यातला एक निसटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो. म्हणून एसयू कार्ब्युरेटरमध्ये या स्क्रूंची टोकं चिरलेली असतात. चकती बंद करून मध्यावर बसवायची, स्क्रू आवळायचे आणि मग ती टोकं हलकेच फाकवायची. एकदा फाकवलेलं टोक परत वाकवलं की तुटू शकतं, तेव्हा दर वेळी नवेच स्क्रू घालायचे. दोन छोट्या स्क्रूंसाठी इथे काटकसर करणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

आणि याच्या अगदी उलट प्रकार वेबर डीसीओईच्या बुडाशी सापडतो. लोटस एलानसारख्या गाडीत हा कार्ब्युरेटर रबरी ओ-रिंगवर मुद्दाम तरंगता ठेवलेला असतो, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने फ्लोटच्या वाटीतल्या पेट्रोलला फेस येतो. नटाखाली थॅकरे वायसर असतात, दिसायला स्प्रिंगच्या दोन वेढ्यांसारखे. वेढे एकमेकांना टेकेपर्यंत नट पिळायचा नाही, मध्ये साधारण १ मिलिमीटर फट ठेवायची, फीलर गेजने मोजून. हे नट नायलॉनवाले असतात, त्यामुळे अर्धवट आवळले तरी आपोआप सुटत नाहीत. बसवून झाल्यावर कार्ब्युरेटर हाताने किंचित हलतो. तो तसाच हलायला हवा.