रक्तातला आकडा आणि अंडाशयाचा कर्करोग



हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन आपल्या बांधावर येतो, रसाचा थेंब काचेवर टाकतो आणि ब्रिक्स सांगतो. हा आकडा म्हणजे निव्वळ साखर नव्हे, रसात विरघळलेल्या सगळ्याच घन पदार्थांचा तो आकडा असतो, हे जुन्या सभासदांना आम्ही सांगायला नको. म्हणूनच एका उसावरून कोणी तोडणी ठरवत नाही. शेंडा-बुडखा पाहतात, फडात चार ठिकाणी पाहतात, लागणीची तारीख पाहतात. आजचा विषय मात्र ऊस नसून घरच्या माय-भगिनींची प्रकृती हा आहे. त्यात रक्तातल्या एका आकड्याविषयी लिहायचे असल्याने ब्रिक्सची आठवण करून दिली.

हल्ली सर्व तपासण्या एकाच पैशात करून देणारी पॅकेजे निघाली आहेत. त्यांत काही ठिकाणी बायकांसाठी 'कॅन्सरची रक्ततपासणी' असते. तिचे नाव सीए-१२५. आकडा ३५ च्या आत आला की घरचे निर्धास्त होतात, वर गेला की घरात रडारड सुरू होते. या दोन्ही गोष्टींत घाई होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

हा रोग लपून राहतो

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. ती ओटीपोटात खोलवर असल्याने तिथे गाठ धरली तरी सुरुवातीला हाताला लागत नाही, फारशी दुखतही नाही. बहुतेक जणींचा रोग कळतो तो पोटात पसरल्यावर. पहिल्याच टप्प्यात सापडला तर बहुतेक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. पसरल्यावर सापडला तर निम्म्याही राहत नाहीत. त्यामुळे रक्ताच्या थेंबातून हा रोग आधीच ओळखता यावा, ही शास्त्रज्ञांची धडपड अगदी रास्त आहे.

१९८१ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीए-१२५ हे द्रव्य ओळखण्याची रीत शोधली. पुढे एचई-४ नावाचे दुसरे द्रव्यही वापरात आले. रोग पसरलेला असेल तर सीए-१२५ बहुतेक रुग्णांत वाढलेले दिसते. पण पहिल्या टप्प्यात जवळजवळ निम्म्या जणींत ते वाढतच नाही. उलट कर्करोग नसतानाही ते वाढते: पाळीच्या दिवसांत, गरोदरपणी, गर्भपिशवीच्या साध्या गाठींत, ओटीपोटाच्या संसर्गात, यकृताच्या आजारात आणि पोटाच्या क्षयरोगातही. क्षयरोग आपल्याकडे अजून आहे, म्हणून हे शेवटचे नाव आपण नीट ध्यानात ठेवावे.

आता हिशेब मांडू. समजा, पन्नाशीपुढच्या दहा हजार निरोगी बायकांची तपासणी केली. त्यांत खरा रोग तिघींना आहे आणि शंभरातल्या एकीचाच आकडा विनाकारण वाढतो. म्हणजे तिघींच्या शोधात शंभर जणींना धसका बसणार, आणि त्या तिघींतलीही एखादी निसटू शकते.

मोठ्या पाहण्यांत काय दिसले

अमेरिकेत ७८,२१६ महिलांची मोठी पाहणी झाली. त्यातल्या एका गटाची दरवर्षी रक्ततपासणी व सोनोग्राफी केली, दुसऱ्या गटाची केली नाही. २०११ साली निष्कर्ष आला, की अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. तपासणी झालेल्यांपैकी ३,२८५ जणींना रोग नसताना इशारा मिळाला, त्यांतल्या १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना त्यातून गंभीर त्रास झाला.

इंग्लंडच्या लोकांनी अधिक हुशारीने केले. एकदाच आकडा न पाहता दरवर्षी घेऊन तो चढतो आहे का, हे पाहिले, जसे आपण ठरावीक दिवसांनी ब्रिक्स पाहतो. ५० ते ७४ वयाच्या २,०२,६३८ महिला त्यात होत्या. या रीतीने काही जणींचा रोग लवकरच्या टप्प्यात सापडला खरा, पण २०२१ साली शेवटचा हिशेब झाला तेव्हा मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून ज्यांना काही त्रास नाही अशा सर्वसाधारण स्त्रियांनी ही तपासणी करावी, असे जाणकार सांगत नाहीत.

विनाकारण भीतीची किंमत

ही किंमत आपल्या भागाने पाहिली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. 'पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होईल' अशी भीती घातल्याचे अनेक जणींनी सांगितले. आपल्या फडात कोयता चालवणारी माणसे याच भागातून येतात. तेव्हा एका कागदावरच्या आकड्यावर कुणी लगेच ऑपरेशन सांगितले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

बार्शीने घातलेला धडा

मग तपासण्या सगळ्याच फोल का? मुळीच नाही. याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात डॉ. भा. म. नेने यांनी टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने मोठे काम उभे केले. १९८७ साली बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे सुरू झाली. पुढे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या ४९७ गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्या पडताळून पाहिल्या. २००९ साली जगापुढे निकाल आला: एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही त्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणते. आपल्या शेजारच्या खेड्यांतल्या बायांनी जगाला हे दाखवून दिले.

तपासणी चांगली की नाही, हे मृत्यू कमी झाले का, यावरून ठरते. गर्भाशयमुखाच्या तपासणीने ते करून दाखवले. अंडाशयाच्या रक्ततपासणीने निरोगी बायकांत अजून दाखवलेले नाही.

मग करावे काय?

१. पोट सतत फुगलेले राहणे, ओटीपोटात दुखणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीला लागणे, असे महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. पन्नाशीपुढे तर विशेषच. इथे सीए-१२५ आणि सोनोग्राफी यांचा खरा उपयोग आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णालाही हा आकडा उपयोगी पडतो.

२. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. काही घराण्यांत बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. त्याची तपासणी वेगळी आणि सल्लाही वेगळा.

३. तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

४. रोग निघालाच तर खर्चाच्या धास्तीने थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे बरेच उपचार बसतात.

शेवटी पुरुष सभासदांना विनंती. बाईमाणूस दुखणे अंगावर काढते. 'काय नाय, गॅस झालाय' म्हणून पुन्हा खुरपं घेऊन रानात जाते. चार-पाच आठवडे तेच चालले असेल तर आपणच विचारावे आणि तिला दवाखान्यात न्यावे. पाणीपाळी एक दिवस पुढे ढकलली तरी चालते.