चारशे नॅनोसेकंदांतलं सांबर

मेळघाटात, सागाच्या विरळ रानात, ६० मीटरवर सांबर उभं आहे. वनरक्षक डोळ्याला रेंजफाइंडर लावून बटण दाबतो. डोळ्यांना न दिसणारा लेझरचा झोत सांबराच्या अंगावर आपटून परत येतो. जाऊन-येऊन १२० मीटर. लागलेला वेळ ४०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे एक कोटी तुकडे केले तर त्यातले चार. पापणी लवायला पाव सेकंद धरला, तर तेवढ्यात अशा सहा लाख खेपा झाल्या असत्या.

एका नॅनोसेकंदात प्रकाश शाळेतल्या फूटपट्टीएवढा पुढे सरकतो. तेव्हा अंतरात एक मीटरही चुकायचं नसेल, तर वेळ मोजताना सातएक नॅनोसेकंदांचीच मुभा. मुठीत मावणाऱ्या, एका सेलवर चालणाऱ्या डबीकडून ही अपेक्षा! १८०२ मध्ये सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टनने मद्रासला देशाच्या मोजणीसाठी पहिली पायारेषा मोजली, तेव्हा १०० फुटी पोलादी साखळी ४०० वेळा अंथरून सुमारे १२ किलोमीटर झाले होते. ते १२ किलोमीटर प्रकाश एका सेकंदात सुमारे पंचवीस हजार वेळा ओलांडतो.

परदेशात ही डबी खपते ती लांब पल्ल्याच्या शिकाऱ्यांमध्ये. कारण साधं आहे. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. वेग सेकंदाला ८०० मीटर धरला आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तरी ४०० मीटरवर ती सव्वा मीटर खाली आलेली असते, ५०० मीटरवर जवळजवळ दोन मीटर. अंदाजात शंभर मीटरची चूक झाली की नेम पाऊण मीटरने हुकला. जनावर वाचलं, नाहीतर जखमी होऊन पळालं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली. मेळघाट १९७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. इथे डबी जनावरांच्या मोजणीला लागली.

ही मोजणी म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवरून दोन-चार किलोमीटर पहाटे चालायचं. जनावर दिसलं की अंतर रेंजफाइंडरने, दिशा होकायंत्राने. सांबर ६० मीटरवर, रेषेशी ३० अंशांत असेल, तर रेषेपासून त्याचं काटकोनातलं अंतर ३० मीटर. अशा शेकडो अंतरांवरून आपण रेषेच्या दोन्ही बाजूंना किती रुंद पट्टा खरोखर पाहिला ते निघतं, आणि त्यावरून चौरस किलोमीटरमागे जनावरं किती ते.

आता नुसत्या नजरेने प्रत्येक ६० मीटरला ९० म्हटलं, तर पट्टा दीडपट होतो आणि जनावरं कागदावर एक तृतीयांशाने घटतात. एका वाघाला वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं लागतात. ती दरसाल मिळत राहायची तर रानात ५०० असावी लागतात, असा ढोबळ हिशेब आहे. चुकीच्या अंदाजात ५०० ची ३३३ झाली, म्हणजे तीन वाघांना पुरेल एवढ्या रानात कागदावर दोनच मावले.

२०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत कॅमेऱ्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो काढले. त्यात वाघांचे ७६,६५१, म्हणजे साडेचारशे फोटोंमागे एक. मला मात्र त्यातला दुसराच आकडा मोठा वाटतो: वनकर्मचारी आणि संशोधक ५,२२,९९६ किलोमीटर पायी चालले. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. चंद्रापर्यंत चालत जाऊन परतीची तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाट त्यांनी तुडवली. प्रकाशाला तिथे पोचायला सव्वा सेकंद लागतो.

आणि एवढ्या वेगवान झोताला सागाचं एक पान अडवतं. चितळांचा कळप ७० मीटरवर, मध्ये फांदी आली की डबीवर उमटतात १४ मीटर. आकडा बरोबरच असतो, फक्त फांदीचा. दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा बटण दाबायचं. तेवढ्यात चितळं उधळली, तर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा ज्या झाडाशी होती, त्या झाडाच्या बुंध्यावर झोत मारायचा आणि तेच अंतर लिहायचं.