कचेऱ्या एकत्र आल्या, खर्च कोठें गेला?

ब्रिटनमध्यें १ फेब्रुवारी १९१० रोजीं सरकारी रोजगार-कचेऱ्या प्रथम उघडल्या, त्या बेकारांची कारखान्यांच्या दारोदार होणारी पायपीट वांचावी म्हणून. शतकानंतर ग्लासगो शहरांत त्याच पायपिटीचा प्रश्न पुनः उभा राहिला. कचेऱ्यांच्या इमारतींचा १९९८ सालचा वीस वर्षांचा करार मार्च २०१८ मध्यें संपावयाचा होता. जागा गरजेपेक्षां अधिक असल्याचें खात्याचें म्हणणें होतें. म्हणून शहरांतील १६ कचेऱ्यांपैकीं ८ बंद करून त्यांचें काम इतर इमारतींत न्यावें, अशी सूचना २०१६ च्या डिसेंबरांत निघाली.

भाडें वांचतें, दिवाबत्ती वांचते, हें खरेंच. परंतु कमी झालेला प्रत्येक खर्च नाहींसा होतोच असें नाहीं. कांहीं खर्च दुसऱ्याच्या माथीं बसतो. बेकारास सामान्यतः दर पंधरवड्यास हजेरी द्यावी लागते. कचेरी दूर गेली म्हणजे बसभाडें त्याच्या भत्त्यांतूनच जाणार, आणि हजेरी चुकली तर तो भत्ताच कापला जाण्याची भीति! नवी कचेरी तीन मैलांच्या किंवा बसनें वीस मिनिटांच्या पलीकडे असेल, तरच लोकांचें मत मागवावयाचें, असा खात्याचा दंडक होता. नकाशावरचीं वीस मिनिटें पावसांत, मूल कडेवर असतां, बस चुकल्यावर किती होतात, हें त्या दंडकांत कोठून येणार?

विरोध पुष्कळ झाला. जुलै २०१७ मध्यें दोन कचेऱ्या वगळण्यांत आल्या. उरलेल्या सहांना पुढें कुलुपें लागलीं, आणि ईस्टरहाउसच्या माणसांना हजेरीसाठीं शेटलस्टनची वाट धरावी लागली.